वर्गात रक्ताची फेरी : भूमिकाभिनयातून शिकणे आणि तपासणे

आठवीच्या वर्गात मी पहिल्यांदा 'हृदयाचे नाटक' बसवले, त्याला आता बरीच वर्षे झाली. संवाद मीच लिहिले होते. पुठ्ठ्याच्या पाट्या करून मुलांच्या गळ्यात अडकवल्या होत्या. 'मी हृदय! रात्रंदिवस राबतो, मला रविवारची सुट्टी नाही!' असे खणखणीत आवाजात म्हणणाऱ्या मुलाने टाळ्या घेतल्या. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. त्या मुलाला मी दहापैकी नऊ गुण दिले. 'झडप' अशी पाटी गळ्यात घालून कोपऱ्यात मुकाट उभ्या राहिलेल्या मुलीला चार. तिला संवादच नव्हता, आणि तो न लिहिणारी मीच होते, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही.

पंधरा दिवसांनी घटक चाचणी झाली. 'उजव्या निलयातून निघालेले रक्त कोठे जाते?' असा साधा प्रश्न होता. नऊ गुणवाल्या मुलाने लिहिले, 'सर्व शरीराला.' वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी तेच लिहिले. झडप झालेल्या मुलीने मात्र 'फुप्फुसांकडे' असे लिहून शेजारी बाण काढून वाट दाखवली होती.

मग मी दिलेल्या त्या नऊ आणि चार गुणांनी नेमके काय मोजले होते? आवाज, धिटाई आणि पाठांतर. विज्ञान त्यात कुठेच नव्हते. भूमिकाभिनय ही शिकवण्याची आणि तपासण्याचीही फार चांगली पद्धत आहे, असे माझे आज ठाम मत आहे. पण त्यासाठी माझ्या त्या पहिल्या नाटकात जे जे होते, त्यातले बरेचसे काढून टाकावे लागले. ते काय आणि त्याजागी काय आणले, हे या लेखात सांगायचे आहे.

नाटक आणि भूमिकाभिनय

नाटकात काय बोलायचे ते आधीच लिहिलेले असते आणि शेवटही ठरलेला असतो. चूक म्हणजे वाक्य विसरणे. भूमिकाभिनयात मुलाला एक जागा आणि काही नियम दिले जातात. त्या जागेवरून, त्या नियमांना धरून, आता काय करायचे हे त्याने स्वतः ठरवायचे असते. इथे चूक म्हणजे समजुतीतली चूक. ती वहीत लपून राहत नाही, चुकीच्या दिशेने टाकलेल्या पावलाच्या रूपाने सगळ्यांना दिसते.

शाळेत भूमिका दोन प्रकारच्या असू शकतात. एकीत मूल एखाद्या वस्तूची जागा घेते: रक्त, ग्रह, विद्युतप्रभार, पाण्याचा रेणू. दुसरीत ते एखाद्या माणसाची जागा घेते: शेतकरी, डॉक्टर, सरपंच. पहिल्या प्रकारासाठी आपण रक्ताभिसरणाचेच उदाहरण सविस्तर पाहू. दुसऱ्या प्रकाराकडे शेवटी येऊ.

तयारी : खडू, चिंचोके आणि खडे

मैदानात किंवा बाके बाजूला सारलेल्या वर्गात खडूने मोठा आकृतिबंध काढा. मधोमध हृदयाचे चार कप्पे: वर दोन अलिंदे, खाली दोन निलये (काही पुस्तकांत त्यांना कर्णिका आणि जवनिका म्हणतात). एका टोकाला फुप्फुसे, दुसऱ्या टोकाला शरीर. शरीराच्या जागी चार वेगळी वर्तुळे काढा: मेंदू, आतडी, मूत्रपिंडे आणि पाय. ही वर्तुळे एकामागे एक ओळीत नकोत. महाधमनीला फाटे फुटून प्रत्येक वर्तुळाकडे स्वतंत्र वाट गेली पाहिजे. नाहीतर रक्त आधी मेंदूला, मग आतड्यांना, मग पायांना भेट देत जाते, असा समज होतो. बसने एकेक थांबा घ्यावा तसा! हा समज मुलांमध्ये मला वारंवार दिसला आहे.

चाळीस मुलांच्या वर्गात वाटणी अशी करता येते. वीस मुले रक्त. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते, म्हणजे प्रत्येक मूल पाव लिटर रक्त झाले. चार मुले झडपा, दोन फुप्फुसे, चार शरीराचे अवयव, एक मूल ढोल किंवा डबा वाजवणारे. उरलेली नऊ निरीक्षक. सुरुवातीला रक्ताची चार मुले हृदयात, प्रत्येक कप्प्यात एक, चार फुप्फुसांत आणि बारा शरीरात, प्रत्येक अवयवाजवळ तीन, अशी उभी करावीत. वर्ग लहान असेल तर रक्ताची मुले कमी करून प्रत्येकाचा वाटा वाढवावा.

ऑक्सिजनसाठी चिंचोके आणि कार्बन डायऑक्साइडसाठी खडे घ्या. पूर्वी मी लाल आणि निळ्या चिठ्ठ्या वापरत असे. त्यामुळे शिरांतले रक्त निळे असते हा गैरसमज मीच पक्का करत होते. शरीरातले रक्त कुठेही निळे नसते. ऑक्सिजन कमी झाला की ते गडद लाल होते, इतकेच.

आता नियम. ते प्रत्येकाच्या चिठ्ठीवर लिहून द्यावेत आणि मोजकेच असावेत:

१. रक्त : फुप्फुसांतून निघताना तुझ्या मुठीत चार चिंचोके असतील. शरीरातल्या कोणत्याही एकाच अवयवाकडे जा. तो मागेल तेवढे चिंचोके दे आणि तेवढेच खडे घे. मग परत हृदयाकडे ये.

२. अवयव : विश्रांती घेत असलास तर एक चिंचोका घे. जोराचे काम करत असलास तर तीन घे.

३. फुप्फुस : खडे घे आणि चिंचोके पुरे चार करून दे.

४. झडप : रक्ताला एकाच दिशेने जाऊ दे.

५. ढोलवाला : दर चार ठोक्यांनी दोन्ही निलयांतून एकेक मूल एकाच वेळी बाहेर पडेल. त्यांच्या जागी मागचे एकेक मूल पुढे सरकेल.

नियमांतले आकडे असेच घातलेले नाहीत. विश्रांती घेणाऱ्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७२ वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक वेळी एका निलयातून सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. चार ठोक्यांचे झाले २८० मिलिलिटर, म्हणजे अंदाजे आपले एक मूल. चार चिंचोक्यांतला एकच द्यायचा, कारण विश्रांतीच्या वेळी रक्त आपल्याजवळच्या ऑक्सिजनपैकी सुमारे पाव भागच शरीराला देते. उरलेला शिल्लक घेऊन परत येते. 'अशुद्ध रक्तात ऑक्सिजन नसतो' असे आपण सहज बोलून जातो. तीन चिंचोके मुठीत घेऊन परतणाऱ्या मुलाला हे वाक्य चुकीचे आहे ते लगेच कळते.

फेरी सुरू होते

पहिली फेरी संथ ठोक्यांवर घ्यावी आणि शिक्षकाने शक्य तो गप्प राहावे. हे फार कठीण जाते! मुले चुकीच्या कप्प्यात शिरतात, फुप्फुसांकडे न जाता थेट शरीराकडे वळतात. निरीक्षकांनी ते टिपून ठेवायचे, ओरडायचे नाही.

दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी मी त्या मुलीला पुन्हा झडपच केले होते, या खेपेस उजव्या अलिंद आणि निलय यांच्या मधली. संवाद कुणालाच नव्हते. ढोल वाजला, निलयातला मुलगा पुढे जायला निघाला, पण समोर गर्दी दिसल्याने सरळ मागे अलिंदात आला. दार उघडेच होते. पुढच्या वेळी ढोल वाजताच तिने दोन्ही हात आडवे केले आणि त्याला अडवले. मी कारण विचारले. ती म्हणाली, "बाई, हृदय आवळलं की माझं दार मिटलंच पाहिजे. नाहीतर रक्त आल्या वाटेनं परत जाईल. आणि बाहेरचं दार त्याच वेळी उघडलं पाहिजे."

माझ्या चिठ्ठीवर यातले काहीच लिहिलेले नव्हते. दारात उभे राहून तिने ते शोधले होते. मग आम्ही ढोलवाल्याला दोन ठोके दिले, 'लब' आणि 'डब'. अलिंद आणि निलय यांच्यामधल्या झडपा मिटतात तेव्हा 'लब'. निलयांतून बाहेर जाणाऱ्या वाटांवरच्या झडपा मिटतात तेव्हा 'डब'. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात ते आवाज झडपा मिटण्याच्या वेळचे असतात, हे त्या दिवशी वर्गाला सांगावे लागले नाही. वर्गाने ते विचारून घेतले.

फेरी जमली की एकेक नियम बदलत जावे.

पाय धावू लागले असे जाहीर करा. पाय तीन चिंचोके मागतात. ढोलवाल्याने काय करावे? मुलेच सांगतात, 'जोरात वाजव!' पायांकडे जाणाऱ्या मुलांची संख्याही वाढवावी लागते. धावताना छाती का धडधडते, याचे उत्तर असे मिळते.

मग मुद्दाम एक चुकीचा नियम द्या: उजव्या निलयाने दर खेपेस दोन मुले पाठवायची, डाव्याने एकच. सात-आठ खेपांतच फुप्फुसांच्या वर्तुळात उभे राहायला जागा उरत नाही आणि शरीराकडची वर्तुळे ओस पडू लागतात. दोन्ही निलयांनी सारखेच रक्त पुढे ढकलले पाहिजे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत दिसत नाही. इथे ती धक्काबुक्कीतून कळते. हृदयाची डावी बाजू दुर्बळ झालेल्या रुग्णाला धाप का लागते, हेही मोठ्या मुलांना इथेच सांगता येईल. रक्त फुप्फुसांत तुंबते म्हणून.

आता गॅलेनचे शरीर

हाच खेळ वेगळ्या नियमांनी खेळला की एक जुना वादही वर्गात उभा करता येतो. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन याचे म्हणणे असे होते की रक्त यकृतात अन्नापासून तयार होते, शिरांतून संथपणे अवयवांकडे जाते आणि तिथे वापरले जाऊन संपते. हे मत युरोपात चौदाशे वर्षे टिकले.

मुलांना सांगा, आता आपण गॅलेनचे शरीर करू. सगळी वीस मुले एका बाजूला 'यकृता'जवळ उभी करा. दर चार ठोक्यांना एक मूल हृदयातून शरीराकडे जाईल आणि तिथे पोचल्यावर खाली बसेल. ते वापरले गेले. हृदयाच्या खऱ्या गतीने ढोल वाजवला तर एका मिनिटाहून थोड्याच अधिक वेळात विसाच्या वीस मुले खाली बसतात. यकृत झालेले मूल रिकाम्या हातांनी उभे राहते. आता पुढच्या मिनिटाला रक्त कोठून आणायचे?

फळ्यावर हिशेब मांडा. दर ठोक्याला ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर, तासाला ३०० लिटर. साठ किलो वजनाच्या माणसाच्या यकृताला दर तासाला त्या माणसाच्या वजनाच्या पाचपट रक्त तयार करावे लागेल! तेवढे अन्न कोण खाणार?

इंग्लंडमधला वैद्य विल्यम हार्वे याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याच जातीचा हिशेब मांडला होता. त्याने दर ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताचे आकडे बरेच कमी धरले होते. तरीही अर्ध्या तासात हृदयातून जाणारे रक्त शरीरातल्या एकूण रक्ताहून अधिक भरले. तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. हार्वेचा गुरू फॅब्रिशियस याने शिरांमधल्या झडपांचे वर्णन १६०३ मध्येच केले होते. त्या झडपा रक्ताला हृदयाच्याच दिशेने जाऊ देतात, हे हार्वेने दंडाला पट्टी बांधून दाखवले.

पण एक दुवा हार्वेलाही दिसला नव्हता. धमन्यांतले रक्त शिरांत जाते कसे? सूक्ष्मदर्शकातून बेडकाचे फुप्फुस पाहताना इटलीतल्या माल्पिगी याला केशवाहिन्या दिसल्या, त्या १६६१ मध्ये. तोवर हार्वे हयात नव्हता. खडूच्या आकृतीत अवयवाची वर्तुळे पुसून धमनी आणि शीर यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवा आणि मुलांना विचारा, 'वाट दिसत नाही, तरी रक्त पलीकडे जाते असे तुम्ही कशावरून म्हणता?' न दिसणाऱ्या गोष्टीविषयी हिशेबाच्या आधाराने बोलता येते, ही विज्ञानातली मोठी गोष्ट इथे मुले स्वतः करून पाहतात.

गुण कशाचे द्यायचे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. महाराष्ट्रात २०१० साली पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हापासून निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, गटकार्य यांच्या नोंदी आपण करत आलो आहोत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तकासंबंधी बोलताना भूमिकाभिनयाचा नावानिशी उल्लेख केला आहे. परवानगीची अडचण नाही. अडचण आहे ती गुण न्याय्य कसे द्यायचे ही.

हीच अडचण वैद्यकीय शिक्षणात आधी आली होती. विद्यार्थ्याला रुग्ण तपासता येतो का, हे पाहायचे तर खरा रुग्ण हवा. पण एकाच्या वाट्याला सोपा रुग्ण येई, दुसऱ्याच्या वाट्याला अवघड. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात हॉवर्ड बॅरोज या मेंदूरोगतज्ज्ञाने १९६३ मध्ये एका निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून तयार केले. ती प्रत्येक विद्यार्थ्यापुढे तीच लक्षणे तशीच दाखवी. पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी येथे रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक विद्यार्थी एकापाठोपाठ एक अनेक टेबलांवर जाईल, प्रत्येक टेबलावर सर्वांना तेच काम असेल आणि तपासणीची यादी आधीच ठरलेली असेल, अशी परीक्षा सुरू केली. ती आज जगभर वापरली जाते.

या अनुभवातून आपण दोन गोष्टी घेऊ शकतो. सर्वांना प्रश्न तोच असावा, आणि काय पाहायचे ते आधी लिहिलेले असावे. मुलांच्या भूमिका सारख्या नसतात, म्हणून भूमिकेला गुण देऊच नयेत. गुण द्यायचे ते विचाराला, आणि तो वर आणण्यासाठी मी पुढील चार गोष्टी करते.

पहिली गोष्ट, 'थांबा'. फेरी रंगात आली असताना ढोल थांबतो आणि प्रत्येक जण आहे तिथे उभा राहतो. खिशातली कोरी चिठ्ठी काढून तीन ओळी लिहायच्या: मी आत्ता कोठे आहे? माझ्या हातात काय आहे, किंवा माझे दार उघडे आहे की मिटलेले? पुढच्या ठोक्याला काय होईल? निरीक्षक समोर दिसणाऱ्या एखाद्या मुलाविषयी हेच लिहितात. तीन मिनिटांत चाळीस मुलांचे चाळीस पुरावे हाती येतात. याला २ गुण.

दुसरी गोष्ट, 'का?' त्याच चिठ्ठीच्या मागे एका वाक्यात कारण. 'मी फुप्फुसांकडे जाईन, कारण माझ्याकडे खडा आहे' आणि 'मी फुप्फुसांकडे जाईन, कारण मी उजव्या निलयात आहे आणि इथून तीच एक वाट आहे' या दोन उत्तरांत फरक आहे. पहिल्या मुलाला वाटते की रक्त ठरवून जाते. हा फरक परीक्षेच्या पेपरात सहसा दिसत नाही. याला ३ गुण.

तिसरी गोष्ट, भाकीत. नियम बदलण्याआधी मुलांनी लिहून द्यायचे. उदाहरणार्थ, नववी-दहावीसाठी: दोन निलयांमधल्या पडद्याला जन्मतः छिद्र राहिले तर काय होईल? डाव्या निलयातला दाब जास्त असतो, एवढी माहिती द्यावी. भाकीत लिहून झाले की मगच पडद्यात 'छिद्र' पाडून फेरी चालवायची. काही रक्त डावीकडून उजवीकडे जाते आणि शरीराकडे न जाता पुन्हा फुप्फुसांत येते, हे दिसू लागते. याला ३ गुण. भाकीत चुकले, पण फेरी पाहून स्वतःची चूक नीट लिहून काढली, तर त्यातले दोन मी देतेच.

चौथी गोष्ट, 'हे कुठे खोटे आहे?' याला २ गुण. अभिनयाला, आवाजाला, वेशभूषेला शून्य. हे मुलांना आधी सांगावे, म्हणजे पालकांकडून रंगीत कागदांचे हृदय करवून आणण्याची धडपड आपोआप थांबते.

हे कुठे खोटे आहे?

हा चौथा भाग वेळ नाही म्हणून गाळण्याचा मोह होतो. तो गाळू नये. भूमिकाभिनयाचा सर्वांत मोठा धोका इथेच आहे. मुले रक्त होतात, म्हणजे रक्ताला मन देतात. 'मेंदूला ऑक्सिजन हवा म्हणून मी तिकडे गेलो' असे म्हणतात. पण रक्ताला काही हवे-नको नसते. रक्त कोणत्या अवयवाकडे किती जाईल, हे मुख्यतः लहान धमन्या आकसण्या-रुंदावण्यावर ठरते. ऑक्सिजन कोणी हातात देत नाही. तो जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे पसरत जातो. झडपेलाही मन नसते. रक्ताचा दाबच तिला मिटवतो आणि उघडतो.

आमच्या वर्गांत मुलांनी काढलेल्या उणिवा मी एका वहीत लिहून ठेवल्या आहेत. 'आमच्यामध्ये अंतर होतं, खरं रक्त नळीत सलग भरलेलं असतं.' 'हृदयाच्या भिंती खडूच्या होत्या, त्या आवळल्याच नाहीत.' 'हृदयाला स्वतःला रक्त कोणी दिलं?' हा शेवटचा प्रश्न ऐकून मी थक्क झाले. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या महाधमनीच्या अगदी सुरुवातीलाच फुटतात, आणि आमच्या आकृतीत त्या मीच काढायला विसरले होते. पुढच्या वर्षी पाचवे वर्तुळ काढले.

माणसाची भूमिका

आता दुसरा प्रकार. काही प्रश्नांत विज्ञानाची माहिती आणि माणसांचे हितसंबंध एकत्र गुंतलेले असतात. दुष्काळी गावातले पाणी हा त्यातलाच एक. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरते. शेतीसाठी विंधनविहिरींवर गावाने बंदी घातली आहे. असा निर्णय वर्गातल्या ग्रामसभेत घेऊन पाहता येतो.

सर्वांना एकच हिशेब द्यावा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. ४०० मिलिमीटर पाऊस पडला तर हेक्टरी ४० लाख लिटर. यातले सगळे जमिनीत मुरत नाही. काही वाहून जाते, काही वाफ होऊन उडते. मग भूमिका: उसाचा शेतकरी, दुधाचा धंदा करणारी बाई, भूमिहीन मजूर, विंधनविहीर घेण्यासाठी कर्ज काढलेला तरुण, भूजलाची माहिती सांगणारा अधिकारी. गुण कोण जिंकले याला नाहीत. मांडणीत हिशेब वापरला का, दुसऱ्याचे म्हणणे ऐकून त्याला उत्तर दिले का, आणि शेवटी विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा स्वतःच्या शब्दांत लिहिता आला का, याला गुण.

इथे जपायचेही असते. ज्याच्या घरी खरोखरच कर्जाचा प्रश्न आहे, त्या मुलाला कर्जबाजारी शेतकऱ्याची भूमिका देऊ नये. मजुराच्या मुलीला मजूर आणि बागायतदाराच्या मुलाला बागायतदार करू नये, उलट केले तर बरे. जातीवरून ओळखू येईल अशी भूमिका तर कोणालाच नको. काम संपल्यावर प्रत्येकाने आपले खरे नाव सांगून 'माझे स्वतःचे मत असे आहे' असे एक वाक्य बोलावे. वर्गातले भांडण वर्गातच उतरवून बाहेर जाता येते.

करून पाहताना

या सगळ्याला दोन तासिका लागतात. एक फेरीला, दुसरी नियम बदलून पाहायला आणि चर्चेला. चिंचोके आणि खडे फुकट मिळतात. गोंगाट होतो. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवावे. ज्या मुलाला चालताना त्रास होतो त्याच्याकडे ढोल द्यावा. सारे हृदय त्याच्या हातावर चालते. लाजाळू मुलांना झडप करावे, पण भूमिका फिरत्या ठेवाव्यात. तीच मुले कायम झडप होऊ नयेत. पहिल्या खेपेस सगळे फसेल. फसलेली फेरी टाकून देऊ नये. मुलांच्या डोक्यात काय आहे हे तिच्याइतके स्पष्ट कोणीच सांगत नाही.

त्या मुलीच्या नोंदीतले चार गुण मी नंतर बदलले. तिला तसे सांगितलेही. चूक तिची नव्हती, मी चुकीची गोष्ट मोजली होती, असे सगळ्या वर्गासमोर म्हटले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने हात वर करून तिने विचारले, "बाई, माशाच्या हृदयाला दोनच कप्पे असतात ना? मग त्याची फेरी आपण कशी काढायची?"

आम्ही खडू घेऊन पुन्हा मैदानात गेलो. तुमच्या वर्गालाही हा प्रश्न विचारून पाहा, आणि आकृती मुलांनाच काढू द्या.